नागीण : तिचे मूळ, तिची वेदना आणि तिच्यापासून बचाव

छातीच्या किंवा पोटाच्या एका बाजूस एकाएकी आग होऊ लागते. दोन-तीन दिवसांनी तेथे तांबूस चट्टे उमटतात, त्यांवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुबके येतात आणि हा पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेने पुढे वळसा घेतो. महाराष्ट्रात ह्या विकारास ‘नागीण’ म्हणतात. नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांस मिळाले म्हणजे रोगी दगावतो, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. म्हणून घरातील माणसे दररोज पट्ट्याची दोन टोके न्याहाळीत बसतात, मध्ये किती अंतर उरले आहे ते बोटांनी मोजतात, गेरूचा लेप देतात आणि नागीण ‘उतरविणाऱ्या’ माणसाला बोलावणे धाडतात. ह्या धावपळीत जे पहिले दोन-तीन दिवस निघून जातात, तेच ह्या रोगाच्या उपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात.

ह्या पुस्तिकेत तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत. नागिणीची टोके खरोखर मिळतात काय? ती येते कोठून? आणि तिच्याविरुद्ध आज जी लस उपलब्ध आहे, ती कोणी टोचून घ्यावी?

नावांची साक्ष

शरीराभोवती वळसा घेणारा व आगीसारखा जाळणारा असा हा रोग असल्यामुळे निरनिराळ्या देशांतील लोकांना एकाच तऱ्हेच्या उपमा सुचल्या आहेत. कर्नाटकात त्याला ‘सर्पसुत्तु’, म्हणजे सापाचा वेढा, असे म्हणतात. तमिळनाडूत ‘अक्की’ ह्या नावाने तो ओळखला जातो आणि त्यावर कुंभाराकडून लाल मातीचे लेखन करवून घेण्याची जुनी चाल आहे. स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या देशांतील लोक त्यास ‘लहान साप’ ह्या अर्थाचे नाव देतात आणि दोन्ही टोके जुळल्यास मृत्यू येतो ही भीती तेथेही आढळते. नॉर्वेतील नावाचा अर्थ ‘नरकाग्नी’ असा आहे. वैद्यकशास्त्रातील ‘हर्पीस झोस्टर’ ह्या नावातील ‘झोस्टर’ म्हणजे ग्रीक भाषेत कमरपट्टा; आणि ‘हर्पीस’ हा शब्द ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ ‘सरपटणे’ असा असून आपल्या संस्कृतातील ‘सृप्’ ह्या धातूशी, म्हणजेच ‘सर्प’ ह्या शब्दाशी, त्याचे सख्खे नाते आहे. वळशाचे निरीक्षण सर्वांनी अचूक केले होते. मात्र त्या वळशाचे कारण उमगावयास एकोणिसावे शतक संपत यावे लागले.

वळसा अर्ध्यावरच का थांबतो?

आपल्या पाठीच्या कण्यातून मेरुरज्जू जातो. त्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यामणक्यांमधून, ज्ञानतंतूंच्या जोड्या बाहेर पडतात. उजवीकडचा तंतू शरीराच्या उजव्या अर्ध्या भागावरील त्वचेच्या एका ठरावीक पट्ट्याची संवेदना वाहून आणतो, तर डावीकडचा तंतू डाव्या अर्ध्या भागावरील पट्ट्याची. मेरुरज्जूला मिळण्यापूर्वी अशा प्रत्येक तंतूवर एक लहानशी गाठ असते. तिच्यात संवेदना वाहणाऱ्या पेशींचा समूह असतो. शरीरशास्त्रात तिला गुच्छिका म्हणतात.

लंडन येथील डॉ. हेन्री हेड आणि डॉ. ए. डब्ल्यू. कॅम्बेल ह्यांनी १९०० साली ह्या विषयावर एक मूलगामी निबंध प्रसिद्ध केला. नागीण होऊन गेलेल्या एकवीस मृत रुग्णांच्या शरीरांची त्यांनी बारकाईने तपासणी केली, तेव्हा पुरळ ज्या पट्ट्यावर उठले होते त्याच पट्ट्याच्या गुच्छिकेत दाह व रक्तस्राव झाल्याच्या खुणा आढळल्या. अनेक रुग्णांच्या पुरळांची चित्रे काढून त्यांनी कोणत्या गुच्छिकेकडे त्वचेचा कोणता भाग येतो ह्याचा नकाशाच तयार केला. रोगाचे मूळ त्वचेत नसून आत गुच्छिकेत आहे, हे ह्यावरून स्पष्ट झाले.

आता टोके मिळण्याचा प्रश्न सहज सुटतो. सामान्यतः एकाच बाजूची एकच गुच्छिका, क्वचित तिच्या शेजारची आणखी एखादी, बिघडते. तिच्या तंतूंची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, म्हणून पुरळही तेथेच थांबते. पलीकडची त्वचा दुसऱ्या तंतूच्या ताब्यात असते. ह्यामुळे वेढा सहसा पुरा होत नाही, आणि जो प्रसंग सहसा येतच नाही तो टाळल्याचे श्रेय मंत्राला वा लेपाला मिळते. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ज्यांची रोगप्रतिकारक शक्ती फार क्षीण झालेली असते, अशा रुग्णांत पुरळ अनेक पट्ट्यांवर व सर्वांगावर पसरू शकते. अशी अवस्था खरोखरच गंभीर असून तिला रुग्णालयातील उपचारांची गरज असते.

कांजिण्यांशी असलेले नाते

गुच्छिकेत बिघाड कशाने होतो, ह्याचा धागा बालरोगतज्ज्ञांना गवसला. बुडापेस्ट येथील डॉ. यानोश बोकाय ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे पाहिले की, घरात एखाद्या प्रौढास नागीण झाली असता त्याच घरातील मुलांना थोड्या दिवसांनी कांजिण्या येतात. दोन्ही रोगांचे कारण एकच असावे, असे अनुमान त्यांनी मांडले. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डॉ. टॉमस वेलर ह्यांनी दोन्ही रोगांच्या फोडांतील द्रवापासून प्रयोगशाळेतील पेशींत विषाणू वाढविले आणि ते सारखेच असल्याचे दाखविले. १९८४ मध्ये एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतील व पुढे त्याला झालेल्या नागिणीतील विषाणूंच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली. ती दोन्ही एकरूप निघाली आणि शंकेला जागा उरली नाही.

ह्या विषाणूचा जीवनक्रम थोडक्यात असा : बालपणी किंवा तरुणपणी तो प्रथम शरीरात शिरतो तेव्हा कांजिण्या होतात. फोड वाळून खपल्या पडतात, रोगी बरा होतो; परंतु विषाणू शरीरातून जात नाही. तो ज्ञानतंतूंच्या वाटेने गुच्छिकांत जाऊन तेथील पेशींत निद्रिस्त राहतो. वीस, चाळीस, कधी साठ वर्षांनी त्यातील काही विषाणू जागे होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्याच तंतूच्या वाटेने ते त्वचेकडे परततात. पुरळ उठण्यापूर्वी वेदना का होते, ह्याचे उत्तरही येथेच आहे. विषाणू त्वचेपर्यंत पोहोचण्याआधी तंतूला इजा करीत येतो.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. नागीण दुसऱ्याकडून ‘लागत’ नाही. ती स्वतःच्याच शरीरात जागी होते. नागिणीच्या रोग्याच्या उघड्या फोडांतील द्रवाचा संसर्ग झाल्यास ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना कांजिण्या होऊ शकतात. म्हणून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत पुरळ कपड्याने झाकावे, आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवती स्त्रिया, नवजात बालके व अशक्त रुग्ण ह्यांना दूर ठेवावे. रोग्याला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही.

एका कुटुंबवैद्याची सोळा वर्षे

विषाणू नेमका केव्हा व कोणात जागा होतो, ह्याचा शोध इंग्लंडमधील सिरेन्सेस्टर ह्या लहान गावी कुटुंबवैद्याचा व्यवसाय करणाऱ्या डॉ. एडगर होप-सिम्प्सन ह्यांनी घेतला. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. सुमारे साडेतीन हजार लोकवस्तीची नोंदवही मात्र ते चिकाटीने ठेवीत असत. १९४७ ते १९६२ ह्या सोळा वर्षांत त्यांनी नागिणीचे १९२ रुग्ण नोंदविले. कांजिण्यांच्या साथी येत व जात. नागिणीचे रुग्ण मात्र साथीशी संबंध न ठेवता एकेकटे येत राहत. वयाप्रमाणे मांडणी केली असता चित्र अधिकच बोलके झाले. दहा वर्षांखालील मुलांत दर हजारी वर्षास एकाहूनही कमी रुग्ण, पन्नाशीनंतर सुमारे पाच, आणि ऐंशी ते नव्वद ह्या वयात सुमारे दहा.

ह्या नोंदींच्या आधारे १९६५ साली त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, निद्रिस्त विषाणू अधूनमधून जागे होण्याचा प्रयत्न करीतच असतात, परंतु शरीराची रोगप्रतिकारक शक्ती त्यांना तेथल्या तेथे दाबून टाकते. ही शक्ती वयोमानाने वा अन्य कारणाने ठरावीक मर्यादेखाली उतरली, म्हणजे एखादा प्रयत्न सफल होतो व नागीण प्रकट होते. पुढील संशोधनाने ह्या सिद्धान्ताचा गाभा खरा ठरविला. हे दाबून टाकण्याचे कार्य मुख्यतः ‘टी-पेशी’ ह्या नावाच्या पांढऱ्या पेशी करतात आणि वयाबरोबर ह्या विषाणूविरुद्धचे त्यांचे बळ ओसरते. म्हणूनच लस कोणी घ्यावी, ह्या प्रश्नाचे उत्तर रुग्णाशी संपर्क आला की नाही ह्यावर अवलंबून नसते. ते वय आणि रोगप्रतिकारक शक्तीची अवस्था ह्यांवर अवलंबून असते.

खरी भीती कशाची?

बहुतेक रोग्यांचे पुरळ दोन ते चार आठवड्यांत बरे होते. नागिणीने मृत्यू येणे विरळ आहे. तथापि काही रोग्यांत त्वचा बरी झाल्यावरही इजा पोहोचलेल्या तंतूची वेदना मागे राहते. जळजळ, सुया टोचल्यासारखे वाटणे, विजेचा झटका बसावा तशी कळ, असे तिचे स्वरूप असते. अंगावरील सदऱ्याचा स्पर्श किंवा पंख्याचा वारासुद्धा सहन होत नाही. अमेरिकेतील आकडेवारीप्रमाणे शंभर रोग्यांमागे दहा ते अठरा जणांना अशी दीर्घकालीन वेदना भोगावी लागते. ती काही महिने, क्वचित काही वर्षे टिकते. आणि रोगी जितका वयस्क तितकी तिची शक्यता अधिक. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसाची झोप, भूक व उत्साह ती हिरावून घेते. नेहमीची वेदनाशामक औषधे तिच्यापुढे बहुधा अपुरी पडतात.

दुसरे संकट डोळ्याचे. चेहऱ्यावरील तंतूच्या वरच्या शाखेत विषाणू जागा झाल्यास कपाळ, पापणी व डोळा ह्यांवर परिणाम होतो. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास डोळ्याला धोका असल्याची ती सूचना असते, हे डॉ. जॉनथन हचिन्सन ह्यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे; दिरंगाईने दृष्टी अधू होऊ शकते. कानाजवळ पुरळ उठल्यास चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याचा व श्रवणशक्ती कमी होण्याचा संभव असतो.

ॲसायक्लोव्हिर व त्याच्या जातीची औषधे विषाणूची वाढ रोखतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू केल्यास त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. त्यांनी पुरळ लवकर बरे होते व तीव्र वेदनेचा काळ कमी होतो. मागे राहणारी वेदना मात्र ती खात्रीने टाळू शकत नाहीत. म्हणून रोग होण्यापूर्वीच त्याला अडविणे हा अधिक भरवशाचा मार्ग ठरतो.

लशीचा इतिहास

जपानमधील ओसाका येथील डॉ. मिचिआकी ताकाहाशी ह्यांनी स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांनी बेजार झालेले पाहिले होते. पुढे त्यांनी विषाणू पुनःपुन्हा पेशींत वाढवून दुर्बल केला आणि १९७४ साली कांजिण्यांविरुद्धची लस सिद्ध केली. ज्या बालकाच्या फोडांतून मूळ विषाणू घेतला होता, त्याच्या आडनावावरून त्या विषाणूच्या वाणास ‘ओका’ असे म्हणतात. हाच दुर्बल विषाणू किमान चौदापट अधिक प्रमाणात घालून प्रौढांसाठी नागिणीविरुद्धची पहिली लस तयार झाली आणि २००६ साली अमेरिकेत तिला परवाना मिळाला. साठ वर्षांवरील ३८,५४६ स्त्रीपुरुषांवर झालेल्या चाचणीत तिने नागिणीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी केले. परंतु सत्तरीनंतर, म्हणजे जेव्हा तिची गरज अधिक तेव्हाच, तिचा प्रभाव ३८ टक्क्यांवर उतरला. शिवाय तिच्यात जिवंत विषाणू असल्यामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण आहे त्यांना ती देता येत नसे. २०२० मध्ये अमेरिकेतील तिची विक्री थांबविण्यात आली.

२०१७ साली परवाना मिळालेल्या ‘शिंग्रिक्स’ ह्या दुसऱ्या लशीची रचना वेगळी आहे. तिच्यात विषाणू मुळीच नसतो. विषाणूच्या बाह्य आवरणावरील केवळ एक प्रथिन असते. एकट्या प्रथिनाने शरीर पुरेसे सावध होत नाही. म्हणून त्यासोबत एक सहायक द्रव्य मिसळतात. ह्या सहायक द्रव्याचा एक घटक चिली देशातील एका वृक्षाच्या, फेस देणाऱ्या सालीपासून काढतात. टी-पेशींना जोराने जागे करणे हे त्याचे काम. पन्नास वर्षांवरील १५,४११ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत सरासरी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात खोटी लस दिलेल्या गटात २१० जणांना नागीण झाली. खरी लस दिलेल्या तितक्याच गटात केवळ सहा जणांना. सत्तरीनंतरही संरक्षणाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास राहिले. पुढे दहा वर्षांहून अधिक काळ झालेल्या पाहणीत ते सुमारे ८० टक्के आढळले.

लस कोणी टोचून घ्यावी?

पहिला गट पन्नास वर्षे व त्यांवरील सर्व स्त्रीपुरुषांचा. अमेरिकेतील शिफारस ह्याच वयापासून आहे. ब्रिटनमध्ये शासकीय खर्चाने लस देण्याची योजना २०१३ साली सत्तर वर्षांच्या व्यक्तींपासून सुरू झाली, आणि २०२३ पासून नव्या लशीसह ती पासष्टाव्या वर्षापर्यंत खाली आणली जात आहे. आरंभाचे वय प्रत्येक देश आपल्या साधनसामग्रीप्रमाणे ठरवितो. वयाबरोबर धोका वाढतो ह्या मूळ तत्त्वाबद्दल मतभेद नाही.

दुसरा गट वयाने लहान असला तरी ज्यांची रोगप्रतिकारक शक्ती रोगामुळे वा औषधांमुळे दबलेली आहे, अशांचा. रक्ताचा वा अन्य कर्करोग असलेले, अवयवरोपण झालेले, एचआयव्हीबाधित, आणि संधिवातासारख्या विकारांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण ह्यात येतात. अमेरिकेत २०२१ पासून अशा व्यक्तींना एकोणिसाव्या वर्षापासून ही लस देण्याची शिफारस आहे. शक्य असेल तेथे उपचार सुरू होण्यापूर्वीच ती घेणे श्रेयस्कर. मधुमेह, मूत्रपिंडाचे व फुप्फुसाचे जुनाट विकार ह्यांनीही नागिणीची शक्यता काही प्रमाणात वाढते. पन्नाशी ओलांडलेल्या अशा रुग्णांनी लशीचा विचार अगत्याने करावा.

तिसरा गट नागीण एकदा होऊन गेलेल्यांचा. ती पुन्हा होऊ शकते, म्हणून पुरळ पूर्ण बरे झाल्यावर त्यांनीही लस घ्यावी. लहानपणी कांजिण्या झाल्याचे आठवत नाही, ही सबब पन्नाशीपुढील व्यक्तींनी सांगू नये. त्या वयापर्यंत बहुतेकांच्या शरीरात विषाणू येऊन राहिलेला असतो.

लशीच्या दोन मात्रा दंडाच्या स्नायूत देतात. दोहोंमध्ये दोन ते सहा महिन्यांचे अंतर असते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना दुसरी मात्रा एक-दोन महिन्यांनी देता येते. एकाच मात्रेवर समाधान मानू नये.

कोणी थांबावे?

लशीतील एखाद्या घटकाची तीव्र वावडी असणाऱ्यांनी ती घेऊ नये. गर्भवती स्त्रियांनी प्रसूतीपर्यंत ती लांबणीवर टाकावी. ज्यांना सध्या नागीण झाली आहे किंवा तीव्र ताप आहे, त्यांनी बरे होईपर्यंत थांबावे. लस हा नागिणीवरील उपचार नव्हे. तसेच मुलांना कांजिण्यांसाठी देतात ती लस वेगळी असून एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

टोचल्यानंतर दंड दुखणे, थकवा, अंगदुखी, थंडी किंवा ताप असा त्रास पुष्कळांना एक-दोन दिवस होतो. सहांपैकी सुमारे एकाला त्यामुळे नित्याची कामे काही काळ बाजूस ठेवावी लागतात. दंडातील जागृत झालेल्या पेशींची ही लक्षणे असल्याने घाबरून दुसरी मात्रा टाळू नये. हातापायांत अशक्तपणा आणणारा ‘गियाँ-बारे’ नावाचा तंतुविकार लशीनंतर अतिशय क्वचित, दहा लाख मात्रांमागे मोजक्याच व्यक्तींत, आढळला आहे. ज्यांना तो पूर्वी झालेला असेल त्यांनी डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

आपल्या देशातील परिस्थिती

भारतात ही प्रथिनयुक्त लस २०२३ पासून पन्नास वर्षांवरील व्यक्तींसाठी मिळू लागली. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. ती स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते आणि दोन मात्रांचा खर्च अनेक कुटुंबांना परवडण्याजोगा नाही. जेथे पैसा बेताचा आहे तेथे घरातील कोणाला प्रथम द्यावी, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. वर सांगितलेल्या तत्त्वावरून त्याचे उत्तर काढता येते. जे अधिक वयस्क आहेत, अथवा ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी दबलेली आहे, त्यांचा अधिकार पहिला. अंतिम निर्णय रुग्णाचा इतिहास जाणणाऱ्या डॉक्टरांशी विचारविनिमय करून घ्यावा.

परंतु ज्यांना लस घेणे शक्य नाही, त्यांच्या हातीही एक साधन आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. ते म्हणजे रोग वेळीच ओळखणे. अंगाच्या एकाच बाजूस आग होऊन तेथे पट्ट्यासारखे पुरळ उठले, की टोकांमधील अंतर मोजण्यात वेळ न दवडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बोटे मोजावयाची नाहीत, तास मोजावयाचे आहेत. आणि ते अवघे बहात्तर आहेत. आपल्या घरातील वा शेजारच्या एखाद्या वृद्धाला एवढी गोष्ट वेळेवर सांगितली, तरी त्याच्या डोळ्याचे रक्षण होण्याचा व आजार हलका जाण्याचा संभव पुष्कळ वाढतो.